सरळ रेषा पद्धत

आमच्या घरात ड्रिल मशीन आले ते एका खिळ्यापायी.

खिळा हवा होता सासऱ्यांच्या तसबिरीसाठी. सासरे जाऊन चार महिने झाले होते आणि त्यांची तसबीर बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर, भिंतीला पाठ टेकून बसली होती. आलागेला तिच्याशेजारी बसताना आपोआप मांडी मोडून पाय खाली सोडी. शहापूरला कर्ज काढून मी घर बांधले तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, खिळा वाकेल, पण आपली भिंत हलायची नाही." घर बांधताना मला जेवढी आश्वासने मिळाली, त्यांतले पुरे झालेले हे एकच. मी सात खिळे वाकवले. आठव्या वेळी अंगठा मध्ये आला. सौ.ने अंगठ्याला हळद लावली आणि शांतपणे म्हणाली, "राहू द्या हो. बाबांना तसाही सोफाच आवडायचा."

या वाक्यात काय काय भरले होते ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

घर शहापूरला असले तरी माझी शाखा मुरबाडला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मुरबाडच्या बाजारात गेलो आणि बारा व्होल्टचे, बिनवायरचे, थेट पिस्तुलाच्या आकाराचे ड्रिल मशीन घेतले. 'शेवटचा पीस' असल्यामुळे त्याला खोके नव्हते. ते तसेच हातात धरून मी बँकेत शिरलो. आमचा बंदूकधारी रखवालदार गेली अकरा वर्षे त्या दारात उभा आहे. एवढ्या काळात त्याने खांद्यावरची बंदूक फक्त जेवणासाठी उतरवली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदाच कामासाठी उतरली. रांगेतल्या दोन पेन्शनरांनी हात वर केले. मॅनेजरसाहेब केबिनमधून आले, यंत्र उलटसुलट पाहिले, घोडा दाबून दोनदा घुर्र केले आणि "आमच्याकडेही एक तसबीर आहे," एवढेच बोलून आत गेले.

घरी येऊन मी मशीन भिंतीला लावले. भिंतीला गुदगुल्या झाल्या असाव्यात. काँक्रीटला ठोके देत फिरणारे, म्हणजे हॅमरचे, ड्रिल लागते आणि माझे नुसतेच फिरणारे आहे, हे ज्ञान मला विकत घेतल्यावर झाले. पण यात मी एकटा नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने पहिले बिनवायरचे ड्रिल १९६१ साली आणले, आणि १९७१ साली अपोलो १५ चे चांद्रवीर असेच एक बॅटरीवरचे ड्रिल घेऊन चंद्रावर उतरले. तिथेही ते जमिनीत अडकून बसले. आत गेलेली नळी उपसून काढताना दोघा धट्ट्याकट्ट्या माणसांना घाम फुटला. चंद्राचा पृष्ठभाग बहुधा आमच्याच मिस्त्रीने केला असावा.

तसबीर सोफ्यावरच राहिली. ड्रिल माळ्यावर गेले.

आता चिरंजीवांकडे वळू. त्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर चांगले चार अक्षरी आहे, पण घरात तो बंड्याच. कल्याणच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. पहाटेची आसनगाव लोकल धरतो, रात्री परत येतो. आमच्या दोघांतले संभाषण रोज सकाळी होई. मी विचारी, "डबा घेतलास?" तो म्हणे, "हो." महिन्याच्या एक तारखेला मी विचारी, "पैसे हवेत?" तो म्हणे, "हो." हे दुसरे संभाषण जरा जास्त जिव्हाळ्याचे असे. लहानपणी हाच मुलगा माझ्या खांद्यावर बसून माहुलीच्या सुळक्यांची नावे विचारायचा आणि मला येत नसल्यामुळे मी ती बनवून सांगायचो. मध्येच कधीतरी त्याला खरी नावे कळली असावीत.

गेल्या डिसेंबरात तो मित्रांबरोबर पवईला आय.आय.टी.चा टेकफेस्ट पाहायला गेला. १९९८ पासून तिथली मुले ही जत्रा भरवतात आणि तिच्यात रोबोंच्या कुस्त्या लागतात. पारदर्शक भिंतींच्या पिंजऱ्यात दोन यंत्रे सोडायची, बाहेर उभे राहून रिमोटने चालवायची आणि एकाने दुसऱ्याचा चुराडा करायचा. या प्रकाराचा मूळपुरुष मार्क थॉर्प नावाचा अमेरिकन. तो मुळात घरातला केर काढणारे, दुरून चालणारे यंत्र करायला बसला होता. ते काही धड झाले नाही, तेव्हा १९९४ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोत यंत्रांच्या मारामाऱ्या भरवल्या. केर काढणे टाळण्यासाठी पुरुषमाणूस कुठल्या थराला जाऊ शकतो याचा याहून सबळ पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

रोबो हा शब्दच मुळी १९२० सालचा, कारेल चापेक या चेक नाटककाराच्या नाटकातला. त्यांच्या भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. आम्हा ठाणे जिल्ह्यातल्या माणसांना वेठ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कायद्याने ती १९७६ साली बंद झाली, आणि आमच्या घरात जानेवारी महिन्यात पुन्हा सुरू झाली.

बंड्या पवईहून आला तो वेगळेच डोळे घेऊन. जेवताना म्हणाला, "बाबा, ते ड्रिल तुम्ही वापरता का?"

वर्षभरात त्याने मला विचारलेला हा सर्वांत लांब प्रश्न. मी ताबडतोब माळ्यावर चढलो.

"आणि अजून एक लागेल," तो खालून म्हणाला. "अगदी असंच."

रोबोला चाके दोन, म्हणून मोटारी दोन. आणि ड्रिलच का, तर मोटार आणि तिचा जोर वाढवणारा गिअर अशी तयार जोडी एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. जगभरचे हौशी रोबोवाले म्हणे याच वाटेने गेले. मी पगारातून दुसरे ड्रिल आणले. रखवालदाराने या वेळी मला सलाम केला.

बंड्याचा जोडीदार म्हणजे त्याच्याच वर्गातला सरळगावचा मुलगा. आडनाव वेगळे, पण आमच्या घरी तो 'सरळगावकर'. बोलायला कमी, हाताला पक्का. सुट्टीत मुरबाडला शेतीपंपांच्या मोटारी भरून देणाऱ्याकडे काम करून त्याने सोल्डरिंग शिकून घेतलेले. त्याने जोडलेली वायर पाहिली की वाटे, आमच्या बँकेतल्या व्हाउचरांना टाचणी लावायला हा मुलगा हवा होता.

ड्रिल उघडणे हा एक संस्कारच आहे. बिट धरणारा पुढचा जबडा, म्हणजे चक, पूर्ण वासायचा. त्याच्या घशाशी एक स्क्रू असतो आणि तो उलट्या आट्यांचा. सगळ्या जगाचे स्क्रू डावीकडे फिरवले की सुटतात, हा उजवीकडे. मी वडीलकीच्या नात्याने पुढे होऊन तो आणखी घट्ट करून ठेवला.

"बाबा, तो उलटा आहे."

"मग आधी सांगायचं!"

"आधीच सांगितलं होतं."

आत मागच्या बाजूला मोटार, फोटोच्या रिळाच्या डबीएवढी. (ज्यांना ती डबी आठवत नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, तेवढेच बोलणे होईल.) ही एवढीशी मोटार मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते आणि चकाशी त्यांतले पाच-सहाशेच पोचतात. उरलेल्या वेगाचा मधल्या दातेरी चाकांत जोर होतो. या चाकांच्या रचनेला ग्रहमालेचा गिअर म्हणतात. मध्ये सूर्य, भोवती तीन ग्रह, आणि सगळ्यांना वेढून आतल्या बाजूने दाते असलेले एक कडे. अशा दोन माळा एकापुढे एक. "ग्रह अडकलेत, सूर्याला फिरू देत नाहीत," असे बंड्या एकदा म्हणाला, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, "मी पाच वर्षं हेच सांगतेय, शांत करून घ्या!"

त्या बाहेरच्या कड्यावर स्प्रिंग आणि छर्रे बसवलेले असतात. भार फार झाला की कडे निसटते आणि कडकड करत फुकट फिरते. त्यामुळे स्क्रूची मान मुरगळत नाही आणि मोटारही जळत नाही. याला क्लच म्हणतात. भल्या गृहस्थाला ही सोय उत्तम, पण कुस्तीच्या रोबोला ऐन धडकेत 'जाऊ दे' म्हणणारा गिअर कामाचा नाही. म्हणून छर्रे काढून त्यांच्या जागी स्क्रू आवळायचे आणि कडे कायमचे जाम करायचे. मुलांनी ते केले तेव्हा मला वाईट वाटले. बँकेतली तेवीस वर्षे आणि संसारातली बावीस मी त्या क्लचवरच काढली आहेत.

मग बॅटरी. मशीनबरोबर आलेली बारा व्होल्टची काढून मुलांनी लॅमिंग्टन रोडवरून चार सेलची लिथियम पॉलिमर आणली. पूर्ण भरली की ती सोळा व्होल्टच्याही वर जाते. व्होल्टेज वाढवले की वेग त्याच प्रमाणात वाढतो आणि जोरही. ऐकायला झकास. पण मी पडलो कॉमर्सचा. एका बाजूला काही वाढले की दुसऱ्या बाजूला त्याची नोंद कुठे पडली हे पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. मी विचारले, "हे जास्तीचे कोणाच्या नावे टाकले?"

सरळगावकर म्हणाला, "उष्णतेच्या, काका. मोटार अडली की विजेचा प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट."

म्हणजे ओव्हरड्राफ्ट, आणि तोही चक्रवाढ व्याजाने. मला एकदम विश्वास बसला.

आणि त्या मोटारीत मला माझा विषय सापडला. आर्मेचर फिरत असते, त्याच्या शेपटाशी तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो आणि त्यावर कोळशाचे दोन तुकडे सतत घासत असतात. त्यातूनच वीज आत जाते. वर्कशॉपात त्यांना नुसते 'कार्बन' म्हणतात. ते झिजतात, त्यांची काळी भुकटी पडते आणि एक दिवस संपतात. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. सरळ रेषा पद्धत आणि घटत्या शिलकीची पद्धत, अशी पानेच्या पाने मी पाठ केली. पण घसारा म्हणजे खरोखर काहीतरी घासले जात असते आणि त्याची पूड बोटाला लागते, हे मला छत्तीस मिलिमीटरच्या डबीत डोकावल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी समजले. मी बंड्याला म्हटले, "व्होल्टेज वाढवलंत, आता घसारा सरळ रेषेने नाही, धावत सुटणार." त्याने माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "हे बरोबर आहे, बाबा." सौ.ला मी ही गोष्ट रात्री दोनदा सांगितली.

घासताना ठिणग्या उडतात, ठिणग्यांतून रेडिओच्या लहरी उठतात आणि रिमोटचे ऐकणारा रिसीव्हर बावचळतो. त्यासाठी प्रत्येक मोटारीला डाळीएवढे तीन कपॅसिटर डकवायचे, एक दोन टोकांच्या मध्ये आणि दोन टोकांपासून पत्र्याला. हे सारे सरळगावकराने आमच्या जेवणाच्या टेबलावर केले. आम्ही दोन महिने जमिनीवर जेवलो. मोटारींवर बंड्याने मार्करने नावे घातली, सर्जा आणि राजा. आठ किलोचा, चपटा, जमिनीला पोट घासणारा तो अवतार पाहून सौ.ने त्याचे नाव घोरपड ठेवले आणि तेच कायम झाले.

पहिली चाचणी घराच्या गच्चीवर झाली. घोरपड निघाली ती सरळ जाण्याऐवजी उजवीकडे वळत वळत पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळली. आमच्या तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणा अशी धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. आमच्याकडे जे टाकीत उरते ते त्या दिवशी गच्चीवर गेले. पुन्हा सोडली, पुन्हा उजवीकडे. वायरी तपासल्या, चाके बदलली. सरळगावच्या मुलाने केलेले यंत्र सरळ म्हणून जाईना. मी माझ्या परीने 'सरळ रेषा पद्धत' वगैरे कोटी केली, पण वातावरण तिच्या लायकीचे नव्हते.

पौष महिना होता. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ती जुन्या काळापासून नावाजलेली. त्या आठवड्यात आमच्या काउंटरवर बैलाचे पैसे काढणाऱ्यांची रांग असते. सर्जा-राजा मी त्या मोटारी भरणाऱ्याला दाखवायला म्हणून पिशवीतून आणले होते आणि ते स्टॅम्पपॅडशेजारी मांडून ठेवले होते. एक म्हातारे खातेदार पैसे मोजता मोजता थांबले.

"ह्ये काय, साहेब?"

"बैलजोडी," मी म्हटले. "पण एकसारखी ओढत नाही. सारखी उजवीकडं जाते."

त्यांनी हसण्यावारी नेले नाही. दोन्ही मोटारी हातात घेऊन वजन केले, मागून पाहिले, पुढून पाहिले. "दोनी उजव्या अंगाचेच घेतले का? जू डाव्या-उजव्या दोनी अंगांना असतंय. उजव्याचा डावीकडं जुंपला तर तो ओढतो, पण मनापासून न्हाई ओढत."

मागच्या माणसाने "साहेब, गाडी जाईल" म्हटल्यावर मी भानावर आलो. रात्री बंड्याला हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. तो हसायच्या ऐवजी उठून उभा राहिला.

गोष्ट अशी होती. ड्रिल बहुतेक वेळ एकाच दिशेने फिरायचे असते, त्यामुळे काही मोटारींत ते कार्बन मधोमध न बसवता त्या दिशेला सोयीचे असे किंचित सरकवून बसवलेले असतात. तिकडून फिरताना मोटार खुशीत, उलट फिरताना कष्टी. ड्रिलमध्ये याने काही बिघडत नाही. पण रोबोत दोन मोटारी एकमेकींकडे पाठ करून बसतात, म्हणजे रोबो पुढे जाताना एक सुलट फिरते आणि दुसरी उलट. दोन्ही उजव्या अंगाच्या! मुलांनी मागच्या झाकणाचे मुडपलेले पत्र्याचे कान सैल केले आणि झाकण केसभर, अगदी केसभर फिरवत नेले. दोन्ही दिशांना मोटार सारखीच वीज खाईल अशी जागा सापडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तिसऱ्या दिवशी घोरपड गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फूटपट्टीने आखल्यासारखी गेली. म्हातारबुवा पुन्हा आले तेव्हा मी त्यांना बातमी दिली. ते म्हणाले, "आमची पण झाली जोडी," आणि अंगठा पुसायला माझा रुमाल मागितला.

इथवर सगळे छान होते. इथेच मी थांबायला हवे होते.

स्पर्धा फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, कल्याणपलीकडच्या एका कॉलेजात. दुसरा शनिवार म्हणजे बँकेला सुट्टी, म्हणून मीही जाणार होतो. आदल्या रात्री मुले दमून झोपली. घोरपड बैठकीच्या खोलीत, सासऱ्यांच्या नजरेसमोर. दोन महिने या यंत्राला मी टॉर्च धरली होती, चहा दिला होता, ओव्हरड्राफ्टवर बोललो होतो, पण माझ्या हाताने त्यात काहीही झालेले नव्हते. मला वाटले, आपणही काहीतरी करावे. लहानपणी आईच्या शिलाई मशीनला तेल घालणे हे माझे काम होते. "हात आखडू नकोस रे, पोटभर घाल," आई म्हणायची. कपाटात तेलाची ती लहान नळीची बाटली अजून होती. राजाच्या मागच्या बाजूला, दांडा जिथे बुशात फिरतो तिथे, मी पोटभर तेल घातले. सर्जाकडे वळलो तेव्हा बाटली संपली होती. मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशीचे थोडक्यात सांगतो. समोर आडवे पाते गरगरा फिरवणारा एक भयंकर गडी होता. शिट्टी झाली आणि घोरपड सुटली, सरळ, बंदुकीतून सुटल्यासारखी. पाते पुरते वेग घेण्याआधीच तिने त्याला खाली घालून कोपऱ्यात नेऊन दाबले. पोरे नाचली. मी परक्या माणसाला मिठी मारली. दहा सेकंद गेले असतील. मग राजाचा सूर बदलला. घोरपड मागे आली, वळली, पुन्हा वळली आणि घाण्याच्या बैलासारखी स्वतःभोवती फिरू लागली. लोकांना वाटले हा डाव आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धूर आला. पंचांनी दहा आकडे मोजले. नोटा मोजण्यात माझा जन्म गेला, पण कोणाचे मोजणे एवढे सावकाश चाललेले मी पाहिले नव्हते.

बाहेर आल्यावर मुलांनी राजाच्या टोकाची वायर तपासली. टाका सुटला होता. बंड्या सरळगावकराला म्हणाला, "तुझं सोल्डरिंग गेलं." तो काही बोलला नाही. त्याने वायर हातात घेऊन पाहिली आणि मान खाली घातली. "पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी बघतो," बंड्या म्हणाला. कल्याणला सरळगावकर मुरबाडच्या एस.टी.साठी उतरला. जाताना मला वाकून नमस्कार करून गेला.

आम्ही दोघे आसनगाव लोकलमध्ये. मांडीवर घोरपड. जळलेल्या मोटारीला एक वास येतो, आणि त्या वासाच्या आत मला दुसरा एक वास येत होता, शिलाई मशीनच्या तेलाचा. बंड्याने मोटार उघडली नव्हती. मी उघडल्याशिवायच जाणले होते. बुशाला तेल लागते हे खरे, पण एक थेंब, तोही सुईच्या टोकाने. बुशाला लागूनच कम्युटेटर. तेल तिथे उतरले की कार्बनच्या भुकटीत कालवून काजळाचा चिखल होतो, ठिणग्या वाढतात, मोटार गुदमरून तापते. इतकी तापते की चांगला टाकासुद्धा वितळून सुटतो.

शहाड गेले. मी काही बोललो नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या काउंटरला पाचशे रुपये कमी आले होते. त्या दिवशी चहा घेऊन येणारा पोऱ्या दोनदा आत आला होता. कोणी त्याला काही म्हटले नाही, फक्त सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले. मीही पाहिले. पैसे मी खिशातून भरले. तिसऱ्या दिवशी नोट सापडली, मीच बांधलेल्या एका बंडलात, मीच एक जास्त घातलेली. तोवर चहाला दुसरा पोऱ्या येऊ लागला होता. पहिला कुठे गेला ते हॉटेलवाल्यालाही ठाऊक नव्हते.

आंबिवली गेले. टिटवाळ्याला लोकांनी खिडकीतून गणपतीला हात जोडले. मीही जोडले, पण त्याला काय सांगायचे ते सुचेना, कारण सांगायचे दुसऱ्यालाच होते.

खडवली येताना मी म्हटले, "बंड्या, सोल्डरिंग नाही गेलं. मी तेल घातलं होतं."

"काय?"

"काल रात्री. राजाला. बाटलीभर."

"बाटलीभर?"

"लहान बाटली," मी म्हटले.

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मला वाटले आता पुन्हा "डबा घेतलास?" वर मुक्काम. वासिंदला त्याने फोन काढला. लोकलच्या आवाजामुळे तो ओरडून बोलला आणि डब्यातल्या शेदीडशे माणसांना आमच्या घरची हकिगत कळली. "अरे, तुझा टाका चांगला होता! आमच्या बाबांनी मोटारीत शिलाई मशीनचं तेल ओतलं! ... नाही, नाही, सगळी बाटली! ... सॉरी यार. खरंच सॉरी." समोरच्या बाईने माझ्याकडे निरखून पाहिले. पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही, पण बंड्या हसला. आसनगावला उतरताना त्याने घोरपड माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नीट धरा. आता यात काही घालू नका."

पुढच्या रविवारी सरळगावकर आला. येताना काकाचे वायरवाले हॅमर ड्रिल पिशवीत घेऊन आला. राजा उघडला गेला. आत खरोखरच काजळ होते. मुलांनी स्पिरिटने कम्युटेटर पुसला, एका जळक्या मोटारीचे चांगले कार्बन काढून घातले. शेवटी सरळगावकराने सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेतला आणि सुई माझ्यापुढे धरली. "काका, तुम्ही." बंड्या मध्ये येणार होता, पण आला नाही. मी श्वास रोखून तो थेंब बुशाला लावला. वीस वर्षांत एवढ्या काळजीने मी सहीसुद्धा केलेली नाही.

मग तो मुलगा उठला, सोफा पुढे ओढला आणि हॅमर ड्रिलने दोन मिनिटांत भिंतीला भोक पाडले. तसबीर वर गेली. जरा लांबून पाहिल्यावर लक्षात आले की ती उजवीकडे झुकली आहे. बंड्या सरळ करायला पुढे झाला.

"राहू दे," सौ. म्हणाली. "बाबा तसेच बसायचे."